कला संग्रहालयातील ज्यू विवाहसोहळा : निमंत्रण आले आहे, काही शंका आहेत

नदीकाठ

नमस्कार. आम्ही गेली १९ वर्षे न्यू जर्सीच्या दक्षिण भागात राहतो. डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की फिलाडेल्फिया. ज्यांच्याबरोबर मी बारा वर्षे एकाच विभागात काम केले त्या ज्यू सहकाऱ्यांच्या मुलीचे लग्न जूनमधल्या एका रविवारी संध्याकाळी साडेसहा वाजता फिलाडेल्फिया म्युझियम ऑफ आर्टमध्ये आहे. मला, पत्नीला आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या ७४ वर्षांच्या आईला, अशा तिघांना स्वतंत्र नावांनी पत्रिका आली आहे. विधी रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, करणार आहेत आणि कुटुंब ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ पंथाचे आहे, एवढे मला ठाऊक आहे.

मागच्या आठवड्यात आईला जागा दाखवावी म्हणून आम्ही संग्रहालयात जाऊन आलो. आत शिरल्यावर जो प्रशस्त दगडी जिना लागतो, त्याच्या माथ्यावर धनुष्य ताणून उभी असलेली सोनेरी डायना आहे. विधी आणि भोजन दोन्ही याच दालनात होणार आहेत. आईने पुतळ्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “ही कोण देवी?” रोमन लोकांची शिकारीची देवता, असे मी सांगितले. त्यावर तिने जे विचारले त्याचे उत्तर मला देता आले नाही, म्हणून ते इथे जसेच्या तसे मांडतो : “मूर्ती न मानणारी माणसे देवीच्या पायाशी लग्न कशी लावणार?”

याखेरीज काही साध्या शंका आहेत. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, न होणारे लग्न धर्मदृष्ट्या पूर्ण मानले जाते का? पत्रिकेवर ‘ब्लॅक टाय ऑप्शनल’ (औपचारिक पोशाख, पण सक्ती नाही) असे छापले आहे, तर साडी चालेल का, आणि काळ्या रंगाचे काय करावे? आहेर काय आणि किती करावा? आई अंडेही खात नाही, तिच्या जेवणाचे कसे होईल? आणि विधी चालू असताना आपण काय करणे अपेक्षित असते? जाणकारांनी सविस्तर लिहिले तर आभारी राहीन.

पिठलंभाकरी

सविस्तर लिहिणारे येतीलच. मी फक्त जेवणापुरते सांगतो, कारण यात मी स्वतः एकदा फसलो आहे. जेवण कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांप्रमाणे, असेल तर मांस आणि दूध एकत्र येत नाही, आणि मेजवानी बहुधा मांसाहारी असल्यामुळे त्या संध्याकाळी दूध, लोणी, चीज यांपैकी काहीही पानात पडत नाही. मिष्टान्नसुद्धा बिनदुधाचे असते. अशा पदार्थांना ‘पार्व’ म्हणतात. ‘मांसही नाही आणि दूधही नाही’ एवढे ऐकून आपला शाकाहारी माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच चुकतो, कारण अंडी आणि मासे दोन्ही पार्वमध्येच मोडतात. आपल्या आईंसाठी निमंत्रणाला पाठवायच्या उत्तरात केवळ ‘शाकाहारी’ लिहून थांबू नये, ‘अंडी आणि मासे वर्ज्य’ असे स्वतंत्रपणे लिहावे. आणखी एक गोष्ट म्हणजे जेवणानंतर चहा मिळाला तरी त्यात दूध मिळणार नाही, तेव्हा त्यांच्या मनाची तयारी आधीच करून ठेवा. माझ्या सासऱ्यांनी त्या रात्री तीन वेळा दूध मागितले होते.

रेवदंडेकरीण

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, आहे. जन्म आणि लग्न ठाण्याचे, आणि गेली ३१ वर्षे मुक्काम इस्राएलमध्ये अश्दोदला. आपला प्रश्न वाचून प्रथम आपल्या मातोश्रींना नमस्कार सांगावासा वाटला, कारण त्यांनी जो प्रश्न विचारला आहे तो जवळजवळ याच शब्दांत आमच्या ग्रंथांत नोंदलेला आहे. त्याकडे मी शेवटी येते.

सिनेगॉगविषयी प्रथम. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे विवाहाला कोणतीही वास्तू लागत नाही. नवऱ्याने दोन साक्षीदारांसमोर वधूला दिलेली मोलाची वस्तू, केतुबा म्हणजे विवाहाचा लेखी करार, हुप्पा आणि आशीर्वाद, एवढ्यांवर लग्न उभे राहते. आमचे लग्न ठाण्याच्या शआर हाशामायिम सिनेगॉगमध्ये लागले, कारण भारतातल्या आमच्या लहानशा समाजात सगळे एकत्र जमण्याची जागा तीच होती. उलट अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंमध्ये, विवाह उघड्या आकाशाखाली लावण्याची जुनी रीत आहे. ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम याची संतती आकाशातल्या ताऱ्यांइतकी होईल, या वचनाची ती आठवण. ती रीत आहे, अट नव्हे, त्यामुळे छताखाली लागलेले लग्नही तितकेच पूर्ण.

हुप्पा म्हणजे चार खांबांवर ताणलेले वस्त्र, चारही बाजूंनी मोकळे. आपल्या मांडवाशी त्याचे नाते लावण्याचा मोह होतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. मात्र मांडव पाहुण्यांसाठी असतो आणि हुप्पा फक्त त्या दोघांचा असतो. ते त्यांचे पहिले घर. त्या घराला भिंती नसतात, कारण अब्राहामाचा तंबू येणाऱ्याजाणाऱ्यासाठी चारही दिशांनी उघडा होता अशी परंपरा आहे. पुष्कळदा प्रार्थनेची शाल, म्हणजे तालीत, हेच वरचे वस्त्र असते आणि खांब चार मित्र धरून उभे राहतात. घर असे सोबत आणता येत असल्यामुळे ते संग्रहालयात उभे केले काय किंवा बागेत उभे केले काय, शास्त्राला फरक पडत नाही.

जूनमधला रविवार का, हेही सांगून टाकते. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, आणि सणाच्या दिवशी विवाह होत नाही. शनिवारी करायचा तर तारे दिसेपर्यंत थांबावे लागते, आणि तुमच्याकडे जूनमध्ये तेवढ्यासाठी रात्रीचे नऊ वाजून जातात. वल्हांडण आणि शाव्हुओत या दोन सणांमधल्या सात आठवड्यांतला बराचसा काळ अनेक समाजांत लग्नाला वर्ज्य असतो, आणि पुढे तम्मुझ महिन्याच्या १७ तारखेपासून आव महिन्याच्या ९ तारखेपर्यंत जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचे सुतक पाळतात. या दोहोंच्या मधल्या फटीत बहुधा जून येतो. वारांमध्ये मंगळवार सर्वांत शुभ समजतात, कारण सृष्टीच्या तिसऱ्या दिवसाच्या वर्णनात ‘चांगले आहे’ हे शब्द दोनदा येतात. आपल्याकडे मंगळवार म्हटले की कपाळाला आठी पडते ती बाजूला ठेवू.

आता विधी. सुरुवातीला एका बाजूच्या खोलीत केतुबावर साक्षीदारांच्या सह्या होतील. हे साक्षीदार वधूवरांचे नातेवाईक नसावे लागतात. करार अरामी या प्राचीन भाषेत असतो आणि त्यात नवऱ्याची पत्नीविषयीची कर्तव्ये व घटस्फोट किंवा वैधव्य आल्यास तिला द्यायची रक्कम लिहिलेली असते. कुमारिकेसाठी ही रक्कम किमान २०० झूझ (जुनी चांदीची नाणी), हे आकडे तालमूद या प्राचीन धर्मग्रंथाच्या काळापासून चालत आलेले. मग ‘बेदेकन’, म्हणजे नवरा स्वतः येऊन वधूचा चेहरा पाहतो आणि स्वतःच्या हाताने तिच्यावर जाळीचा पदर ओढतो. बायबलमधल्या याकोबाला राहेलऐवजी बुरख्यातली लेआ दिली गेली, तशी फसगत पुन्हा होऊ नये म्हणून ही खातरजमा, असे सांगतात आणि सगळे हसतात.

हुप्पाखाली आल्यावर वधू वराभोवती सात फेऱ्या घालते. आपल्या लोकांना इथे हमखास सप्तपदी आठवते. सप्तपदीत दोघे मिळून सात पावले चालतात, प्रत्येक पावलाला एक वचन असते आणि सातव्या पावलावर विवाह पूर्ण होतो. इथे या फेऱ्यांना कायद्याचे कोणतेच बळ नाही, त्या झाल्या नाहीत तरी लग्न लागते. बेने इस्राएलांत मी त्या पाहिल्या नाहीत. विवाह बांधला जातो तो अंगठीने. ती वराच्या मालकीची, साधी, खड्याविना, एकाच धातूची असावी लागते, कारण खड्याच्या किमतीचा अंदाज चुकू शकतो आणि ज्या वस्तूवर करार उभा आहे तिच्या मोलाबद्दल वधूच्या मनात गैरसमज राहता कामा नये. ती उजव्या हाताच्या तर्जनीत घालतात आणि वर म्हणतो, ‘हारेई आत मेकुदेशेत ली बेताबाअत झो केदात मोशे वेइस्राएल’. अर्थात मोशे आणि इस्राएल यांच्या शास्त्राप्रमाणे या अंगठीने तू माझ्यासाठी पवित्र झाली आहेस. यानंतर केतुबाचे वाचन होते. त्याचे कारण मला फार आवडते. पूर्वी वाग्दान आणि प्रत्यक्ष विवाह हे दोन विधी होते आणि त्यांच्यात वर्षभराचे अंतर असे. मध्ययुगात ते एकाच दिवशी होऊ लागले, आणि दोन्ही वेगळे आहेत हे दिसत राहावे म्हणून मध्ये हे वाचन ठेवले. मग सात आशीर्वाद, वाइनचा पेला, आणि शेवटी वराने पायाखाली फोडलेला काचेचा पेला.

तो पेला फुटताच सर्व जण ‘माझल तोव’, म्हणजे अभिनंदन, म्हणतील, तुम्हीही म्हणा. पेला फोडण्यामागे जेरुसलेमच्या मंदिराची आठवण आहे. दुसरे मंदिर इसवी सन ७० मध्ये पडले. तालमूदमध्ये याची एक जुनी गोष्टही आहे. रविनाचा मुलगा मार याच्या घरी लग्न होते, आणि जमलेले विद्वान प्रमाणाबाहेर खुशीत आलेले पाहून त्याने ४०० झूझ किमतीचा पेला आणून त्यांच्यासमोर फोडला. वधूच्या किमान केतुबाच्या दुप्पट किमतीचा पेला!

आता मातोश्रींचा प्रश्न. मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदचा पाया असलेल्या ग्रंथात, कथा आहे की रब्बान गमलिएल हे विद्वान आक्को शहरात आफ्रोदिती या ग्रीक देवीच्या स्नानगृहात स्नान करत होते. प्रोक्लोस नावाच्या ग्रीक गृहस्थाने त्यांना नेमके हेच विचारले की तुमच्या शास्त्रात मूर्तींशी संबंध ठेवू नये असे लिहिले असताना तुम्ही देवीच्या स्नानगृहात कसे? रब्बान म्हणाले, स्नानगृहात शास्त्राची उत्तरे देत नसतात. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितले, “मी तिच्या हद्दीत गेलो नाही, तीच माझ्या हद्दीत आली आहे.” आणि पुढे म्हणाले की आफ्रोदितीची शोभा म्हणून स्नानगृह बांधले असे कोणी म्हणत नाही, स्नानगृहाची शोभा म्हणून आफ्रोदिती ठेवली असेच म्हणतात. डायनाच्या बाबतीत जिना तिच्यासाठी आहे की ती जिन्यासाठी, एवढेच ठरवायचे. अत्यंत सनातनी कुटुंबातले रब्बी मात्र पुतळ्याकडे हुप्पाची पाठ करायला सांगतील किंवा नग्न मूर्ती दिसणार नाही असा कोपरा निवडतील. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ हा शब्द ऐकून त्यांना सनातनी समजू नका. अमेरिकेत तो सनातनी ऑर्थोडॉक्स आणि उदारमतवादी रिफॉर्म यांच्या मधला पंथ आहे.

साडी अवश्य नेसावी. पदर खांद्यावरून असल्यामुळे विधीच्या वेळी खांदे झाकलेले असावेत ही अपेक्षाही आपोआप पूर्ण होते. पांढरी तेवढी टाळा, तो वधूचा रंग. आमच्याकडेही पूर्वी नवरीची साडी पांढरीच असे. काळा रंग तिथे अशुभ नाही, निम्मे पाहुणे काळ्यातच असतील. दाराशी टोपल्यात सॅटिनच्या टोप्या, म्हणजे किप्पा, ठेवलेल्या असतात, आणि पुरुषांनी, ज्यू नसलेल्यांनीही, त्यांतली एक डोक्यावर ठेवावी. आहेर चेकने द्या, पाकिटात घालून, १८ च्या पटीत. हिब्रूत अक्षरांना अंकमूल्य असते; ‘हाय’ म्हणजे जिवंत या शब्दातल्या ‘हेत’चे ८ आणि ‘योद’चे १०. आपण ५०१ मधला एक रुपया विसरत नाही, तसे ते १८० किंवा ३६० लिहितात.

प्रश्नचिन्ह

माहिती उत्तम आहे, परंतु एक कटू शंका मांडतो. धर्माला वास्तू लागत नाही हे मान्य केले, तर मग नेमकी शहरातली सर्वांत भव्य वास्तूच का लागते? मला तरी यात छायाचित्रांचा सोस आणि श्रीमंतीचे प्रदर्शन यांपलीकडे काही दिसत नाही. सार्वजनिक कलासंग्रह हा एखाद्या कुटुंबाच्या मेजवानीची पार्श्वभूमी व्हावा, हे मला पटत नाही.

जुना कागद

अमेरिकेतल्या संग्रहालयांत कागद आणि चित्रे यांच्या संवर्धनाचे काम मी २२ वर्षे केले आहे. अशा किमान चाळीस लग्नांच्या वेळी एखाद्या कोपऱ्यात उभे राहून कोणाच्या हातात कोणता पेला आहे यावर डोळा ठेवणे हा माझ्या कामाचा भाग होता. त्यामुळे ‘प्रश्नचिन्ह’ यांच्या शंकेतले थोडे मला मान्य आहे. खर्च मोठा असतो आणि दिखावाही असतो. पण दालन बंद झाल्यानंतरचे भाडे संग्रहालयाच्या तिजोरीत जाते, आणि सकाळी दहा वाजता शाळेच्या मुलांना तेच दालन तसेच मिळते. राहता राहिला वास्तूचा प्रश्न, तर अशा लग्नात वास्तू यजमानांपुढे वाकत नाही, यजमानच वास्तूपुढे वाकतात. कसे ते सांगतो.

बहुतेक कला संग्रहालयांत कलाकृतींच्या जवळ लाल वाइन चालत नाही. ज्यू विधीत वाइन अनिवार्य आहे आणि परंपरेची पसंती लाल वाइनला आहे, तरीही पांढरी पूर्णपणे ग्राह्य धरली जाते. म्हणून हुप्पाखालच्या पेल्यात पांढरी कोशर वाइन दिसली तर ती संवर्धकाची करामत समजावी. उघड्या ज्योती नाहीत, त्यामुळे वधूवरांच्या मातांच्या हातांत मेणबत्त्यांऐवजी विजेचे दिवे येतात किंवा काचेच्या बंद हंड्या येतात. फुले तपासूनच आत येतात, कारण फुलांसोबत येणारे किडे लाकडाला, लोकरीला आणि कागदाला पाहुण्यांपेक्षा अधिक आवडीने चिकटतात. परागकण सांडणाऱ्या लिलीचे पुंकेसर आधीच कापून टाकतात. तांदूळ, गोळ्या, कागदी पाकळ्या उधळायला मनाई. वाद्यवृंदाचे ध्वनिक्षेपक भिंतीपासून आणि चौथऱ्यांपासून दूर, कारण मंद्र स्वरांची कंपने जुन्या रंगाच्या थराला सोसत नाहीत. फुटणारा पेला जाड कापडी पिशवीत गुंडाळलेला असतो, आणि विधी संपल्यावर ती पिशवी उचलणारा माणूस ठरलेला असतो. स्वयंपाकघराचे आणखी वेगळेच. संग्रहालयाची नेहमीची भांडी कोशर नसल्यामुळे कोशर केटरर स्वतःची भांडी घेऊन येतात आणि त्यांच्यावर ‘मशगियाख’ म्हणजे धार्मिक देखरेख करणारा माणूस असतो. म्हणजे एकाच संध्याकाळी एका इमारतीत दोन निरीक्षक फिरत असतात, एक पेल्यांकडे पाहणारा आणि एक पातेल्यांकडे. आमचे आपसांत छान जमायचे.

डायनाविषयी रेवदंडेकरीण यांनी सांगितलेल्या गोष्टीत एक भर घालतो. शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी ती देवळासाठी घडवलीच नव्हती. न्यूयॉर्कच्या जुन्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या मनोऱ्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा वातकुक्कुट म्हणून ती घडवली गेली. पहिली, १८ फुटी, मूर्ती १८९१ मध्ये चढवली. ती मनोऱ्याच्या मानाने फार मोठी दिसू लागली म्हणून उतरवली आणि तिच्या जागी १३ फुटांची ही दुसरी आली. मनोरा १९२५ मध्ये पाडला, आणि १९३२ मध्ये डायना फिलाडेल्फियात पोहोचली. अंगावर सोन्याचा मुलामा, आत पोकळ तांबे. आफ्रोदिती निदान स्नानगृहाची शोभा होती, ही बिचारी वाऱ्याबरोबर फिरत होती.

माझ्या मते त्या दालनात विचार करायला लावणारी गोष्ट डायना नाही. वर सज्जाच्या भिंतींवर सतराव्या शतकातले प्रचंड पडदे आहेत, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या जीवनावर विणलेले; काहींची रेखाटने चित्रकार रुबेन्सची आहेत, आणि त्यांपैकी सात पडदे फ्रान्सचा राजा तेरावा लुई याने १६२५ मध्ये कार्डिनल बार्बेरिनी यांना भेट दिले होते. ज्या सम्राटाने ख्रिस्ती धर्माला राजाश्रय दिला आणि ज्याच्या कायद्यांनी ज्यूंवर नवी बंधने आली, त्याच्या विजयचित्रांखाली एक ज्यू मुलगी सात आशीर्वाद ऐकणार आहे. कोणी मुद्दाम ठरवून हे केले असेल असे मला वाटत नाही. पण मी तिथे असतो तर वर बघितल्याशिवाय राहिलो नसतो.

आणखी एक, कागदाचा माणूस म्हणून. ब्रुकलिन म्युझियम या कला संग्रहालयात अरामी भाषेतला एक पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचा लेख, आहे. इजिप्तमधल्या एलिफंटिनी बेटावरच्या ज्यू वस्तीत, याहू या ज्यूंच्या देवाच्या मंदिरातला एक सेवक अनन्या आणि तामूत नावाची इजिप्शियन दासी यांच्या विवाहाचा तो करार, इसवी सनपूर्व ४४९ मधला. त्यात तिने आणलेल्या वस्तूंची यादी आहे आणि दोघांपैकी कोणालाही विवाह मोडता येईल अशी तरतूद आहे. आपल्या सहकाऱ्यांच्या मुलीच्या केतुबाची भाषाही तीच असेल. ज्यू विवाह संग्रहालयात शिरला तो काही आजच नाही. इटलीत सतराव्या आणि अठराव्या शतकांत चर्मपत्रावर सोने आणि रंग वापरून रंगवलेले केतुबा आज जगभरच्या संग्रहालयांत काचेखाली आहेत, आणि ते सगळे कधीकाळी कोणाच्या तरी लग्नात मोठ्याने वाचले गेले होते.

रेवदंडेकरीण

‘जुना कागद’ यांचे आभार. पडद्यांची गोष्ट मला माहीत नव्हती. एक पुरवणी जोडते. यजमान कुटुंब किंवा पाहुण्यांपैकी कोणी कोहेन, म्हणजे पुरोहितकुळातले असतील, तर संग्रहालय निवडताना आणखी एक गोष्ट पाहतात. कोहेनांनी मृतदेह असलेल्या छताखाली जाऊ नये असा नियम असल्यामुळे, जिथे इजिप्शियन ममी ठेवलेल्या असतात तिथे अनेक कोहेन पाऊल ठेवत नाहीत, आणि तो मृतदेह ज्यू नसेल तर नियम किती लागू होतो यावर रब्बींचे मतभेद आहेत. म्हणजे ‘सर्वांत भव्य वास्तू’ घेतली आणि काम झाले, असे होत नाही.

लाल वाइनवरून आठवले. कोकणात आमच्याकडे वाइन मिळत नसे, म्हणून काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून शरबत करायचे आणि त्यावरच आशीर्वाद म्हणायचे. संवर्धकांनी तेही दाराबाहेरच ठेवले असते, रंग तसाच गडद!

जुना कागद

बाटलीला बूच लावून, दोन माणसांच्या पहाऱ्यात, फक्त हुप्पापर्यंत येऊ दिले असते.

आपल्या मातोश्रींसाठी एक सूचना राहिली. त्याच संग्रहालयात मदुराईच्या मदनगोपाल स्वामी मंदिराच्या परिसरातला, सोळाव्या शतकातला दगडी खांबांचा मंडप आहे. ॲडलिन पेपर गिब्सन या फिलाडेल्फियाच्या बाईंनी ते कोरीव दगड १९१२ मध्ये मदुराईत विकत घेतले, आणि १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर घरच्यांनी संग्रहालयाला दिले. लग्नाच्या रात्री इतर दालने बहुधा बंद असतात, म्हणून तो दिवसा, वेगळे जाऊन पाहावा.

नदीकाठ

लग्न होऊन आठवडा झाला. सर्वांनी वेळ देऊन लिहिले, त्याचा उपयोग किती झाला हे कळवणे माझे कर्तव्य आहे.

हुप्पा जिन्याच्या पायथ्याशी होता. पांढऱ्या सुती तालीतचा, वधूच्या आजोबांच्या मालकीचा. त्याची पाठ डायनाकडे नव्हती. रब्बीबाई होत्या, आणि आईला सर्वांत मोठे आश्चर्य त्याचे वाटले. पेल्यात पांढरी वाइन होती, मातांच्या हातांत विजेचे दिवे होते, आणि मी पत्नीला हळूच कारणे सांगत होतो, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी मला संग्रहालयाचा कर्मचारी समजून प्रसाधनगृह कुठे आहे ते विचारले. फेऱ्या सातच झाल्या, पण वधूने तीन घातल्या, वराने तीन घातल्या आणि सातवी दोघांनी हात धरून मिळून घातली. आईने त्या मोजल्या, आणि शेवटच्या फेरीला “आता झाली सप्तपदी” असे म्हणाली. मी रेवदंडेकरीण यांचा आधार घेऊन दुरुस्ती करू पाहिली, पण ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. केतुबा वाचताना मूळ अरामीनंतर इंग्रजी भाषांतरही वाचले गेले. नंतर तो चित्रांनी सजवलेला कागद एका चित्रफळीवर ठेवला होता, आणि पाहुणे मोठ्या चित्रांकडे पाठ करून त्याच्यासमोर रांगेत उभे होते.

पेला फुटल्याचा आवाज त्या दगडी दालनात फारच मोठा आला. त्यानंतर वधूवर काही मिनिटांसाठी एका बंद खोलीत गेले आणि दोन मित्र दाराशी उभे राहिले. दिवसभराचा उपवास ते तिथे सोडतात, असे सहकाऱ्यांनी सांगितल्यावर आईला फार बरे वाटले. तिच्या मते आल्यापासून मुलगी फिकट दिसत होती. मग होरा नाच सुरू झाला, आधी वधूवरांना आणि मग दोन्हीकडच्या आईवडिलांना खुर्च्यांवर बसवून उचलले. ते आईलाही उचलायला आले होते. पैठणी सावरत तिने दोन्ही हात जोडून नकार दिला, मात्र नाचाच्या वर्तुळात ती दोन फेऱ्या चालली. जेवणात अंडी-मासे वर्ज्य लिहिल्यामुळे तिच्यासाठी वेगळे झाकलेले ताट आले. चहा बिनदुधाचा होता; तिने एक घोट घेऊन पेला माझ्याकडे सरकवला.

जिना उतरण्यापूर्वी तिने एकदा मागे वळून डायनाकडे पाहिले आणि म्हणाली, “दागिनाच आहे ती, खरे आहे त्या रब्बींचे.”

रेवदंडेकरीण, तिचा एक प्रश्न आहे. सगळ्या विधीत नवरामुलगा अंगठीच्या वेळचे एक वाक्य सोडले तर काहीच बोलला नाही. मराठी ज्यूंमध्येही असेच असते का?

रेवदंडेकरीण

नाही. आमच्यात नवरा गातो. वधू आत येऊ लागली की तो तिच्याकडे तोंड करून ‘योनाती झीव’ हे हिब्रू गीत सुरू करतो. ‘योनाती’ म्हणजे ‘माझ्या पारव्या’. ती त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत ते चालू असते आणि बाकीचे सगळे त्याला साथ देतात. आमच्या लग्नात माझे यजमान दुसऱ्या कडव्याला चुकले होते, आणि मी तिथेच, वाटेत थांबून, त्यांना सूर आठवेपर्यंत उभी राहिले होते.